बापूंचा पाया

बापूंच्या शेतात ऊस एकच, फुले २६५. कृषी विद्यापीठ राहुरीतच असल्याने शिवारफेरीला ते पहिल्या रांगेत; पण चाचणीतल्या वाणाची एक टिपरी बांधावर पडू देणार नाहीत. ‘‘आधी शिफारस होऊ दे, मग बघू.’’

हेच बापू संगणकापुढे बसले की अंगात येतं.

भंगारातून आणलेले ३२ बिटचे चार संगणक दुरुस्त करायचे, त्यावर स्वतः बांधलेली लिनक्स चढवायची आणि गावच्या शाळेला द्यायची, हा संकल्प. पॅकेजं डेबियन या तयार लिनक्सची, इथपर्यंत ठरलंय. पण कुठल्या डेबियनची? २०२३ चा स्थिर ‘बुकवर्म’, की रोज बदलणारा ‘सिड’? ही नावं ‘टॉय स्टोरी’ सिनेमातली. नातू म्हणाला, ‘‘आजोबा, सिड तर खेळणी मोडतो!’’

‘‘मोडल्याशिवाय आत काय हाये ते कळतं का?’’

स्थिर म्हणजे शिळं, हे बापूंचं मत. आवृत्तीचा आकडा जुनाच ठेवून त्यात सुरक्षेची दुरुस्ती घालतात, हे मी समजावलं. ‘‘पंक्चर काढल्यानं ट्यूब नवी होत नसती.’’

मग सिड. पॅकेज बांधायला घेतलं की ते नवी लायब्ररी मागतं, लायब्ररी नवा कंपायलर मागते. रात्रभर पंखे घोंघावतात, पहाटे लाइट जाते. ती येईपर्यंत तिकडे लायब्ररीच पुढे सरकलेली. एकट्या माणसाने हा नाद करू नये. पण बापूंना सांगणार कोण?

मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनात कुणीतरी चोरदरवाजा ठेवल्याचं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने पकडलं. तो माल सिडमध्ये शिरला होता, बुकवर्ममध्ये नाही. आठवडाभर बापू स्थिर झाले. मग पुन्हा कुठेतरी नवा आकडा दिसला.

ऑगस्ट २०२५ मध्ये पुढचा स्थिर ‘ट्रिक्सी’ आला आणि डेबियनने ३२ बिटचं कर्नल अन् इन्स्टॉलर दोन्ही बंद केले. दोन वर्षांपूर्वी बुकवर्म धरला असता, तर पोरं केव्हाच त्या संगणकांवर बसली असती. बापू मात्र खुशीत. ‘‘बघ, घाई केली नाही ते बरं झालं!’’

आता लिनक्स सोडून नेटबीएसडी धरलंय. ते ३२ बिटला अजून नाही म्हणत नाही. त्याच्या पॅकेजांची दर तीन महिन्यांनी एक स्थिर शाखा निघते, आणि शेजारी रोज बदलणारी ‘करंट’ असतेच.

‘‘यातली कोणती घ्यावी म्हणतोस?’’ बापूंनी चहा सांगितला.