सुट्या बॅगांच्या सुरक्षेविषयी : मिलवॉकीहून पनवेलच्या घरास

तीर्थरूप बाबा व सौ. आई यांच्या चरणी मिलवॉकीस्थित चिरंजीव, सूनबाई व नातवंडे यांचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबांनी बुलेटला दोन्ही बाजूंस लोंबणाऱ्या कापडी सॅडलबॅगा घेतल्या असून गणपतीआधी आईसह पनवेल ते रत्नागिरी असा प्रवास योजला आहे, हे वृत्त फोनवर कळल्यापासून या घरी प्रवाशांच्या आधी बॅगांच्याच सुरक्षेची चर्चा झाली, कारण प्रवाशांविषयी काही बोललेले बाबांना खपत नाही. 1903 साली हार्ले-डेव्हिडसनचा जन्म याच गावात झाला असल्याने, घरी एकही मोटारसायकल नसली तरी मत देण्याचा अधिकार केवळ रहिवासाने मिळतो, असे चिरंजीवांचे म्हणणे आहे. सूनबाईंना ते मान्य नाही.

इकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना टणक पेट्या असतात. त्या आतून दोन खटक्यांवर बसवलेल्या असून खटके पाव फेरा फिरवले की पेटी सुटून हातात येते. म्हणजे झाकणाचे कुलूप लावायचे राहिले तर मालासकट पेटी जाते, आणि खटका अर्धवट फिरवलेला राहिला तर चोराचीही गरज उरत नाही. यास्तव काही जाणते स्वार पेटी व गाडीचा सांगाडा यांमध्ये पोलादी तार अडकवतात, जेणेकरून सुटलेली पेटी रस्त्यावर न पडता तारेला लटकेल.

बाबांच्या बॅगा मात्र सीटवरून टाकलेल्या पट्ट्यांवर व प्लास्टिकच्या बकलांवर अवलंबून आहेत, आणि बकल दाबून उघडण्यास शाळकरी मुलाचे बळही पुरते. प्लास्टिकचे वेष्टन असलेली पोलादी दोरी दोन्ही बॅगांच्या कड्यांतून व चेनच्या टोकांतून ओवून सांगाड्याभोवती घ्यावी आणि मग कुलूप लावावे. ती साडीगार्डला, म्हणजे पदर चाकात जाऊ नये म्हणून डाव्या बाजूस बसवलेल्या जाळीला, बांधू नये, कारण ती जाळी स्वतःच दोनचार बोल्टांच्या कृपेवर उभी असते. दोरीमुळे बॅग वाचते, आतला माल वाचेलच असे नाही, कारण कापडाला ब्लेड पुरते. म्हणून पैसे, औषधे व कागदपत्रे आईच्या पर्समध्ये असावीत, जी आजवर कोणालाही, बाबांनाही, उघडता आलेली नाही. कुलपाची किल्ली बॅगेच्याच बाहेरच्या कप्प्यात ठेवण्याचा बाबांचा विचार पुनर्विचारास पात्र आहे.

तथापि चोरापेक्षा भय रस्त्याचे अधिक. पळस्पे फाट्यापासून पुढे ज्या मुंबई-गोवा महामार्गाचे पनवेल-इंदापूर टप्प्यातील रुंदीकरण 2011 साली सुरू होऊन वर्षानुवर्षे रेंगाळले, त्याच्या खड्ड्यांत गाडीचे नटबोल्टच काय, स्वाराचे दातही सैल होतात. बॅगा टेकवण्याच्या लोखंडी कड्यांना नायलॉनची चकती असलेले, धक्क्याने न फिरणारे नट लावावेत. पट्ट्यांची लोंबती टोके चाकात जाऊ नयेत म्हणून खोचून ठेवावीत. आणि उजवी बॅग सायलेन्सरला टेकत नाही ना, ते पाहावे. पेणला चहा ठरलेलाच असल्याने पट्ट्यांची पहिली तपासणी तेथेच व्हावी. त्याआधी कर्नाळ्याला थांबल्यास चेन पूर्ण ओढलेली असावी, कारण तेथील माकडांना बॅगेतील लाडवांचा सुगावा लागण्यास वेळ लागत नाही.

विम्याचा भरवसा धरू नये. दुचाकीच्या प्रचलित पॅकेज विमापत्रानुसार जोडसामानाच्या चोरीची भरपाई गाडीही त्याच वेळी चोरीस गेली असेल तरच मिळते. एकट्या बॅगेसाठी हात वर. बुलेटही सोबत जाऊ द्यावी, इतका हिशेबीपणा बाबांकडून अपेक्षित नाही.

पोलादी दोरी पार्सलने धाडली आहे. ती पनवेलच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते हे ठाऊक आहे, परंतु परदेशातून काहीतरी आलेच पाहिजे हा रिवाज मोडवला नाही. मुक्कामी मात्र दोरीवर विसंबू नये, रात्री बॅगा सोडून खोलीत न्याव्यात, आणि त्या जिना चढवून नेण्याचे काम आईवर सोपवू नये, ही सूनबाईंची स्वतंत्र विनंती आहे. कळावे, लोभ असावा.