दोरी ओढणार कोण?

घरासाठी जनरेटर घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "किती केव्हीएचा देऊ?" हे गिऱ्हाइकाला ठाऊक असतं तर त्याने दुकानदाराचा सल्ला मागितलाच नसता. विचारायला हवं ते वेगळंच : बोअरची मोटर किती हॉर्सपॉवरची, फ्रिज आहे का, आणि लाइट जाते तेव्हा घरात कोण असतं? हे कोणी विचारत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांतल्या कितीतरी गावांत खांब आडवे झाले आणि आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. अंधार माणसं सोसतात. कंदील असतो, मेणबत्ती असते. पाण्याचं मात्र काय करायचं? विहिरीला रहाट असला तर घागर तरी निघते. बोअरचं पाणी मोटरीशिवाय वर येत नाही. कोकणातल्या घराला जनरेटर हवा असतो तो आधी पाण्यासाठी.

आणि कंपनीच्या पत्रकावर काय असतं? पंखे, दिवे आणि टीव्ही. मोटरीचा पत्ता नसतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, पण ती मोटर बाहेर देते ती ताकद. प्रत्यक्षात ती हजार वॅटच्या आसपास ओढते आणि सुरू होतानाच्या क्षणी त्याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त. दीड-दोन केव्हीएचं यंत्र त्या क्षणी दम टाकतं. शिवाय खोक्यावर ठळक छापलेला आकडा बहुधा कमाल क्षमतेचा असतो, जी यंत्र थोडाच वेळ पेलू शकतं; तासन् तास चालवायचा आकडा खाली बारीक अक्षरांत. दुकानात चालवून दाखवतात तेव्हा त्याला एक दिवा जोडतात. त्या दिव्यावरून मोटर उचलेल की नाही हे कळत नाही, आणि दाखवणाऱ्याला ते माहीत असतं.

आता दोरीविषयी. ही माझी मोठी तक्रार आहे.

बहुतेक लहान यंत्रं दोरी ओढून सुरू करायची असतात. एका झटक्यात, खांद्यापासून जोर लावून. पेट्रोल बरेच दिवस पडून असेल तर पुन्हा पुन्हा. कोकणातल्या कितीतरी घरांत पावसाळ्यात कोण असतं? सत्तरी ओलांडलेली दोन माणसं. मुलगा मुंबईला, सून मुंबईला. जनरेटर मुलगाच घेतो, प्रेमाने घेतो, गणपतीत येतो तेव्हा स्वतः ओढून दाखवतो. लाइट जाते जून-जुलैत, आणि तेव्हा ती दोरी आईच्या हातात असते. बटणावर सुरू होणारं यंत्र महाग असतं आणि त्याला बॅटरी लागते. वर्षातले आठ महिने यंत्र चाललंच नाही तर ती उतरते आणि पुन्हा दोरीशीच गाठ. "आईंना ओढता येईल का?" एवढं एक वाक्य दुकानदाराने बोलावं. त्याला काही खर्च नाही.

बरं, ठेवायचं कुठे? धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बंद पडवीत तो झोपेत माणूस मारतो. म्हणून यंत्र घराबाहेर, दाराखिडक्यांपासून लांब हवं. पण त्यावर पावसाचं पाणीही पडता कामा नये. कोकणातल्या जूनमध्ये म्हणजे खळ्याच्या टोकाला, चारी बाजूंनी उघडी, वर पत्रा असलेली स्वतंत्र जागा. तिचा खर्च विकताना कोणी धरत नाही. तीन केव्हीएचं साधं यंत्र चाळीस किलोच्या आसपास भरतं. आयत्या वेळी म्हातारी माणसं ते उचलून नेतील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

पेट्रोलचाही जाच आहेच. पंपावर कॅनमध्ये द्यायला नकार मिळतो, खरं तर घरच्या वापरासाठी तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना ठेवायला कायद्याची मुभा आहे. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा शोषतं. टाकीत महिनोन् महिने राहिलं की कार्ब्युरेटर तुंबतो. वापरानंतर तो रिकामा करावा ही सूचना माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत, इंग्रजीत असते.

आवाजाचं थोडक्यात सांगतो. साधं यंत्र एक दिवा असो की मोटर, मिनिटाला तीन हजार फेऱ्यांनीच फिरतं, कारण पन्नास हर्ट्झची वीज तशीच तयार होते. इन्व्हर्टर जातीचं यंत्र भार कमी असला की हळू फिरतं, कमी ओरडतं. परवडत असेल तर शेजाऱ्यांसाठी तरी तेच घ्यावं.

मला सर्वांत जास्त चीड येते ती दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरीची. एक टोक जनरेटरमध्ये, दुसरं भिंतीतल्या सॉकेटमध्ये, की घरभर दिवे लागतात. ही वायर कोणीही वीस मिनिटांत करून देतो. मेन स्विच बंद करायचा राहिला तर तीच वीज उलटी खांबावर जाते, रोहित्रातून गेली की हजारो व्होल्टची होते, आणि तिथे लाइन बंद आहे असं समजून वायरमन चढलेला असतो. वादळानंतर भर पावसात आपल्याच गावची वीज जोडायला आलेला माणूस. एका वेळी खांबावरची किंवा जनरेटरची एकच वीज घरात सोडणारा चेंजओव्हर स्विच यंत्राच्या किमतीच्या मानाने किरकोळ पैशात येतो. तो बसवल्याशिवाय यंत्र दुकानाबाहेर पाठवू नका. बिलातच धरा, मी एका शब्दाने घासाघीस करणार नाही.