बाबागाडी निवडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत (कुंभकोणम् आवृत्ती)

बाबागाडी विकत घेणाऱ्याने सर्वांत आधी एक दोनशे पानी वही विकत घ्यावी. पस्तीस वर्षं पिंपरीच्या एका कारखान्यात बेअरिंगं तपासण्यात गेलेल्या माणसाला वहीशिवाय वस्तू दिसतच नाही. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असं आहे: 'उद्देश: चि. नातीसाठी उत्तम व परवडणारी बाबागाडी निवडणे. वय: पाच महिने. वजन: सहा किलो आठशे. वापराचे ठिकाण: कुंभकोणम्, जिल्हा तंजावर.' खाली हिने पेन्सिलीने लिहिलंय, 'आणि दूध, कढीपत्ता.'

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून नात पुण्यात जन्मली. पाचव्या महिन्यात आपल्या घरी गेली. तिला पोचवायला म्हणून आम्ही दोघं गेलो, ते अजून परतलेलो नाही. व्याही तंजावरी मराठी. व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं त्यानंतर जी घराणी इकडे आली आणि इथलीच झाली, त्यांतलं हे एक. घरात साडेतीनशे वर्षांचं मराठी आहे. त्यात तमिळ इतकं मुरलंय की पहिले आठ दिवस मी नुसता हसून मान हलवत होतो. बाबागाडीचा विषय काढला तेव्हा मात्र व्याह्यांचं वाक्य लख्ख कळलं.

"कशाला, व्याहीबुवा? आमच्या घरी हात नाहीत काय?"

नियम पहिला: नावांचा घोळ आधी मिटवावा. आडवं बाळ जिच्यात जातं ती प्रॅम, बसतं बाळ जातं ती स्ट्रोलर आणि उभं बाळ ज्याला धरून जातं तो पांगुळगाडा. दुकानदार तिघांना एकच नाव सांगतो आणि मधली विकतो. मान धरून आधाराशिवाय बसायला मुलाला साधारण सहा महिने लागतात. त्याआधी गाडी घ्यायची तर पाठ पूर्ण आडवी होते का, ते बघावं. 'जवळजवळ आडवी' हे मोजमाप नव्हे. कारखान्यात कुणी 'जवळजवळ गोल' म्हणालं असतं तर त्याला दाराबाहेर काढलं असतं.

नियम दुसरा: चाक. इथे जरा थांबावं लागेल.

स्वस्त गाडीच्या चाकात बेअरिंग नसतं. प्लॅस्टिकचा तुंबा आणि त्यात आरपार लोखंडी कणा, संपलं. यात कमीपणा काही नाही. सहा-आठ किलोच्या प्रवाशाला त्याहून जास्त लागत नाही. पण दुकानात गाडी उलटी करावी, चाकाला बोटाने गती द्यावी आणि कान लावावा. सारखा 'सर्रर्र' आला तर ठीक. 'खर्र... खर्र' आला तर कणा वाकडा किंवा भोक लंबगोल. तिरुचीच्या दुकानात मी अशा अकरा गाड्या उलट्या केल्या. बाराव्याला तिथल्या मुलाने मला स्टूल आणून दिलं. आदराने दिलं असावं.

पुढची चाकं भोवऱ्यासारखी फिरणारी असावीत, म्हणजे गाडी एका हाताने वळते. पण ती सरळ रेषेत अडकवण्याची खिट्टीही हवी. खडबडीत रस्त्यावर मोकळी चाकं थडथड नाचतात आणि बाळाचे गाल त्यांच्या तालावर हलतात. चाकाचा व्यासही पाहावा. मॉलच्या फरशीवर धावणारं चार बोटांचं चाक शार्ङ्गपाणि मंदिराच्या बाजूच्या रस्त्यावर पहिल्याच खळग्यात गुडघे टेकतं. मोठं चाक खळग्याकडे दुर्लक्ष करतं. हवेचं चाक सर्वांत मऊ, पण पंक्चर होतं. भरीव फोमचं चाक होत नाही. मी भरीव घेतलं, कारण नातीच्या गाडीचं पंक्चर काढायला मी सायकलच्या दुकानात उभा आहे हे दृश्य मला व्याह्यांना दाखवायचं नव्हतं.

आता कोलम. इथे रोज सकाळी प्रत्येक दारापुढे सडा पडतो आणि तांदळाच्या पिठाची रांगोळी निघते. मारगळी महिना म्हणजे आपला डिसेंबरचा मध्य ते जानेवारीचा मध्य. त्या दिवसांत कोलम एका दारापासून निघून दुसऱ्या दाराच्या गळ्यात पडतं. चार चाकांची गाडी त्यातून जाताना चार नव्हे, दोन रेघा उमटतात, आणि दोन्ही रेघा आमच्या दारापर्यंत येतात. पुरावा म्हणून याहून चांगला पुरावा नाही. शेजारच्या आजींनी मला काही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी कोलम काढलं ते माझ्या चाकाइतकी वाट सोडून. तेव्हापासून मी त्या वाटेनेच जातो आणि जाताना उगाच मान झुकवतो.

यातलं पोटकलम तेलाचं. चाक कुरकुरलं तर सिलिकॉनचा फवारा मारावा. खाण्याचं तेल घालू नये, ते धूळ धरतं. व्याह्यांच्या मते जगातल्या प्रत्येक कुरकुरीवर, मग ती गुडघ्याची असो, बिजागरीची असो की जावयाची, नल्लेण्णै म्हणजे तिळाचं तेल हाच उपाय. त्यांनी एका दुपारी चारही चाकांना ते सढळ हाताने घातलं. संध्याकाळी गाडी कोलमावरून आली. तेल अधिक तांदळाचं पीठ. मी टूथब्रशने चाक खरवडत बसलो होतो तेव्हा ही म्हणाली, "साखर घाला, अनारसे होतील."

नियम तिसरा: वजन आणि उंबरा. अग्रहारातलं जुनं घर म्हणजे रस्त्यावरून तीन पायऱ्या, मग तिण्णै, म्हणजे आपली ओटी, मग उंबरा, मग रेळी, म्हणजे लांब बोळ, मग पुन्हा उंबरा. दुकानातली गाडी चालवून बघू नये, उचलून बघावी. एका हातात बाळ आणि दुसऱ्या हातात गाडी घेऊन तीन पायऱ्या चढता आल्या तरच पैसे द्यावेत. सहा-सात किलोच्या पुढे गेलेली गाडी ही गाडी नसून कपाट आहे. उंबऱ्यावर ती पुढून ढकलू नये. उलटी वळवावी, मोठी मागची चाकं आधी ओढून घ्यावीत. घडी घातल्यावर तिची लांबी रिक्षाच्या सीटमागच्या जागेत बसते का, हे दोरीने मोजावं. मी दोरी नेली होती. रिक्षावाल्याने चहाला निघालेली रिक्षा माझ्यासाठी उभी ठेवली आणि मी दोरी घेऊन आत शिरलो. त्याला वाटलं, मी रिक्षाच घेतोय.

छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी ही ओवेन मॅक्लारेन या इंग्रज इंजिनिअरची करामत, 1965 ची. हा गृहस्थ स्पिटफायर लढाऊ विमानाच्या चाकांची रचना करणाऱ्यांपैकी. अमेरिकेहून आलेल्या लेकीला नातीची अवजड गाडी झेपेना, म्हणून त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोंच्याही आतली गाडी केली. विमानाची चाकं दुमडतात तशी. त्याआधी 1733 मध्ये विल्यम केंटने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी जी केली, ती ओढायला बकरी जुंपायची सोय होती. हे दोन्ही मी जेवताना सांगितलं. पहिल्या माणसाबद्दल मला आपुलकी आहे, लपवत नाही: नात, लेक आणि रिकामा वेळ असलेला निवृत्त इंजिनिअर. व्याही बकरीवर थांबले.

"सर टी. माधवराव याच गावचे," ते म्हणाले. "त्रावणकोर, इंदूर, बडोदा. तीन संस्थानांचे दिवाण. बाबागाडीत बसले नव्हते."

1828 साली कुंभकोणम्‌ला जन्मलेल्या माणसाविरुद्ध माझ्याकडे मुद्दा नव्हता. रात्री अंथरुणावर सुचला: बडोद्याला सयाजीराव लहान होते तेव्हा राज्याचा गाडा याच माधवरावांनी ढकलला, म्हणजे गादीवर मूल आणि मागे कुंभकोणम्‌चा माणूस. सकाळी सांगायला गेलो तर व्याही पूजेत.

नियम चौथा हिने वहीतून फाडला. त्यावर कढीपत्त्याचा हिशेब होता.

नियम पाचवा: पट्टा पाच टोकांचा. दोन खांद्यांवर, दोन कंबरेला, एक मांड्यांमधून. नुसता पोटाचा पट्टा असेल तर मूल त्याखालून घसरतं. यात विनोद नाही. पट्टा प्रत्येक वेळी लावावा, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं असलं तरी.

नियम सहावा: हँडलला पिशवी अडकवू नये. तिथे वजन लटकलं आणि मूल उचललं की गाडी मागे उताणी पडते. सामान खालच्या टोपलीत. कप ठेवायची वाटी फुकट मिळते म्हणून हुरळू नये. ती कागदी पेल्यासाठी आहे. इथली डिग्री कॉफी पितळी डबऱ्यात, वाफाळती, वर बोटभर फेस घेऊन येते. तो डबरा बाळाच्या डोक्यावर टांगणारा आजोबा मी पाहिलेला नाही आणि पाहू इच्छित नाही. कॉफी उभ्याने प्यावी, गाडीला ब्रेक लावून, गाडीपासून दोन पावलं दूर. मी दिवसातून दोनदा पितो. हिच्या हिशेबात एकदा.

नियम सातवा: छत. कुंभकोणम्‌चा मोठा पाऊस आपल्या आषाढात येत नाही. तो ऑक्टोबर ते डिसेंबर येतो, आपण दिवाळीचा कंदील लावत असतो तेव्हा. पावसाचं आवरण तेव्हा लागतं. एप्रिल-मेमध्ये छत खोल हवं, आणि ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा पंचा पसरू नये. वारा कोंडतो आणि आत भट्टी होते. धातूची बकलं उन्हात तापतात, बाळ ठेवण्याआधी हात लावून बघावा. मी हे सगळं लिहून भिंतीवर लावलं. आमच्या विहीणबाई शांतपणे म्हणाल्या की एप्रिलमध्ये दहा ते पाच इथे म्हशीसुद्धा बाहेर जात नाहीत, बाळाला कोण नेतंय?

त्यांचाही एक नियम आहे, तो मी वहीत आठवा म्हणून घेतला: चाकं म्हणजे चपला. गाडी रस्त्यावरून आली की तिण्णैपाशी चाकांवर तांब्याभर पाणी, मगच उंबरा. देवळाबाहेर ती चपलांच्या शेजारी उभी राहते. हा नियम कुठल्याही युरोपीय मानकात नाही. असायला हवा.

नियम नववा: ब्रेक. आदर्श ब्रेक बघायचा असेल तर गावापासून तीन-चार किलोमीटरवर दारासुरमला जावं. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं ऐरावतेश्वराचं देऊळ, 2004 पासून जागतिक वारशाच्या यादीत. त्याचा पुढचा मंडप म्हणजे दगडी रथ: कोरलेली चाकं, उधळलेले घोडे. साडेआठशे वर्षं झाली, उतारावर ठेवा नाहीतर वादळात, एक सूतभर सरकलेला नाही. तपासणी विभागाने यावर डोळे मिटून शिक्का मारला असता. आपल्या गाडीचा ब्रेक मात्र दोन्ही मागच्या चाकांना एकाच पायपट्टीने लागणारा असावा, आणि चपलेने नव्हे तर अनवाणी पायाने लावून बघावा, कारण इथे अर्धा वेळ माणूस अनवाणी असतो.

नियम दहावा: हँडलची उंची. हा सर्वांत महत्त्वाचा नियम असून कुठल्याही जाहिरातीत तो सापडत नाही. हँडल ढकलणाऱ्याच्या कोपराच्या किंचित खाली यावं. त्याहून खाली असेल तर माणूस वाकतो, वर असेल तर खांदे चढतात. जमिनीपासून माझं कोपर एकशे चार सेंटिमीटर. छत्रीच्या मुठीसारखी दोन सुटी हँडलं नकोत, सलग दांडी हवी, म्हणजे दोन्ही हातांचा भार सारखा पडतो. दांडीवर रबर हवं, घामाने हात सटकत नाही. दांडीवर जरा रेललं तरी पुढची चाकं उचलली जाता कामा नयेत. दुकानात मी रेलून बघितलं. दोनदा. मग पायऱ्या असल्यासारखा उजवा पाय उचलून बघितलं.

लेक शेजारी होती. "बाबा, गुडघा फार दुखतो का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, गाडीबद्दल बोलू.

डॉक्टरांनी काठी घ्या म्हणून सांगितलेलं आहे. काठी मी घेणार नाही, ती म्हाताऱ्यांची असते. तर, उंची.

गाडी आली त्याला आता सात महिने होतील. साडेसात हजारांना मिळाली. पंचवीस हजारांच्या गाडीत जास्तीचं काय असतं, तर बैठक उलटसुलट लावता येते आणि ओळखीचे लोक दबकून विचारतात, "इम्पोर्टेड?" सात महिन्यांत नात तिच्यात मोजून किती वेळ बसली, ते वहीत आहे, पण सांगत नाही. व्याह्यांचं म्हणणं खरं निघालं: या गल्लीत हात फार. आम्ही निघालो की पहिल्या दारातल्या आजी तिला उचलतात, तिसऱ्या दारातली मुलगी त्यांच्याकडून घेते, श्रीनिवास रामानुजन ज्यात वाढला त्या घरासमोर फुलं विकणारी बाई तिसरी. मी मागून रिकामी गाडी घेऊन, पट्टा व्यवस्थित लावलेली, शार्ङ्गपाणिच्या गोपुरापर्यंत जातो. मग पोत्रामरै तळ्याला वळसा घालून परत. पूर्वी मला गोपुरापर्यंतही जमत नव्हतं. कुणी विचारत नाही. बाबागाडी ढकलणाऱ्या आजोबाला कुणी काही विचारत नाही, हा तिचा गुण मी तक्त्यात लिहिलेला नाही.

गेल्या आठवड्यात व्याही बाजारातून नडैवंडी घेऊन आले. लाकडाची, तीन चाकांची, लाल-हिरव्या रंगाची, आपला पांगुळगाडाच. मी ती उलटी केली. बेअरिंग नाही, तुंबाही नाही, ब्रेक नाही, पट्टा नाही, डावं चाक दोन मिलिमीटर लंबगोल. बसवून ठेवणारा चाकांचा प्लॅस्टिक वॉकर आणला असता तर मी खरंच भांडलो असतो. मुलं त्यात पायऱ्यांवरून कोसळतात, कॅनडाने 2004 मध्ये तो विकायला बंदी घातली. हा तसा नाही, हा धरून मूल स्वतःच्या पायांवर उभं राहतं. तरी मी वहीत 'नापास' लिहिलं आणि टेप घेऊन दांडीची उंची मोजली. मग नातीला उभं करून तिचं कोपर मोजलं. किंचित खाली. टेप न नेता आणली होती.

"कशी निवडलीत?" मी विचारलं.

"दोन होत्या," व्याही म्हणाले. "ही लाल होती."

आता संध्याकाळी रेळीच्या बोळात आमच्या फेऱ्या चालतात. पुढे ती, खडखड खडखड. मागे मी, रिकामी गाडी घेऊन. ती थांबली की मी अनवाणी पायाने ब्रेक लावतो आणि दांडीवर जरा टेकतो. व्याही तिण्णैवर बसून फेऱ्या मोजतात, दोघांच्या वेगवेगळ्या. त्यांनी माझ्या मागच्या चाकांना पुन्हा तेल घातलंय, हे मला काल तिसऱ्या फेरीला कळलं.