चेन्नईत खणायला जागा

मेटल डिटेक्टर विकत मिळतो, तो फिरवायची जागा मिळत नाही. चेन्नईत नोकरी करणाऱ्या आमच्या साडूभाऊंना हे ज्ञान यंत्राचे हप्ते सुरू झाल्यावर झालं. पण हार मानणाऱ्यांतले ते नव्हेत. त्यांनी शहराचा नकाशा आणून त्यावर लाल पेनानं गोल काढले आणि मी सुट्टीला जाऊन पोहोचलो त्याच संध्याकाळी कुंडीतलं खुरपं माझ्या हातात दिलं. यंत्र ते फिरवणार, खणणार मी. ‘तुम्ही कोकणातले, तुम्हाला मातीची सवय,’ एवढं स्पष्टीकरण त्यांना पुरेसं वाटलं.

त्यांचं शास्त्र सोपं होतं. माणसं जिथं जमतात, पळतात आणि पैसे मोजतात, तिथं धातू पडतो. गर्दी जितकी जुनी, तितका माल भारी.

पहिला गोल जॉर्ज टाऊनात, तंबू चेट्टी रस्त्यावरच्या काळिकांबाळ मंदिराजवळ. ३ ऑक्टोबर १६७७ रोजी शिवाजी महाराज इथं दर्शनाला येऊन गेले, असं देवळातली पाटी सांगते. आम्ही भक्तिभावानं हात जोडले. साडूभाऊंनी मात्र डोळे मिटल्यामिटल्या हिशोब केला : एवढी माणसं सोबत असतील तर कुणाच्या तरी कमरेचा एखादा होन गळालाच असणार. बाहेर येऊन यंत्र सुरू केलं, ते थांबेचना. दुकानांची शटरं, हातगाड्या, लोखंडी जाळ्या, मोटारसायकली. त्या गल्लीत धातू नव्हता अशी जागाच नव्हती. कानाला हेडफोन आणि हातात दांडा पाहून एका फुलवालीनं आम्हाला वीज मंडळाचे लोक ठरवलं. ‘करंट एप्पो वरुम?’ तिनं दरडावून विचारलं. वीज कधी येणार, हे साडूभाऊंनी बेधडक ‘पाच मिनिटांत’ असं सांगून टाकलं आणि आम्ही चौथ्या मिनिटाला गल्ली सोडली.

दुसरा गोल सेंट जॉर्ज किल्ल्याला. कंपनीनं १६४० मध्ये वसवलेला. पगोडा नावाचं सोन्याचं नाणं मद्रासेत पाडलं जाई, म्हणजे आपल्या होनाचाच भाऊ. पण आत विधानसभा, सचिवालय आणि लष्कर नांदतं, शिवाय स्मारक संरक्षित. १९५८ च्या कायद्यानं तिथं परवानगीवाचून खणायची सोय नाही. दारात त्यांचाच मेटल डिटेक्टर उभा होता. तो आमच्यापेक्षा मोठा निघाला आणि त्यानं आधी आम्हालाच शोधलं.

तिसरा गोल हायकोर्टाच्या भिंतीचा. २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री ‘एम्डेन’ या जर्मन युद्धनौकेनं मद्रासवर तोफा डागल्या, त्यातला एक गोळा इथं पडला. तशी पाटी तिथं आहे. ‘एखादा तुकडा तरी राहिला असेलच!’ साडूभाऊ कुजबुजले. उच्च न्यायालयाच्या भिंतीशी खुरपं काढणाऱ्याला वकील शोधायला लांब जावं लागत नाही, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं.

पल्लावरमला मात्र मीच त्यांना हट्टानं नेलं. रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाला ३० मे १८६३ रोजी इथंच अश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली आणि भारताच्या इतिहासाचा आरंभ एकदम लाखो वर्षं मागे गेला. चेन्नई परिसरातलं हे सर्वांत मोठं घबाड. साडूभाऊ भारावले, मग त्यांचा चेहरा पडला. कुऱ्हाड दगडाची होती. फूटसाहेबांच्या हातात आमचं यंत्र असतं तर ते चूं न करता तिच्यावरून पुढं गेलं असतं.

उरला मरीना. हे नाव दिलं गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन ग्रँट डफ यांनी. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा साताऱ्याचा ग्रँट डफ तो यांचा बाप. ‘बापानं आपला इतिहास उकरला, तेव्हा लेकाच्या वाळूवर आपला हक्क पोचतो,’ असं साडूभाऊंचं म्हणणं. पण त्या वाळूचीही एक गोम आहे. १८७० च्या दशकात बंदराचे बांध समुद्रात घुसले, उत्तरेकडं वाहत जाणारी वाळू दक्षिणेला अडली आणि किनारा रुंदावत गेला. पूर्वी समुद्र रस्त्याच्या बराच जवळ होता. म्हणजे होन, पगोडा वगैरे असलेच तर वाळूच्या तळाशी. आमचं यंत्र नाण्याएवढ्या वस्तूला जेमतेम वीतभर खोल ओळखतं.

पाण्याच्या कडेला ते उगाचच कोकलू लागलं, कारण खारट ओल्या वाळूतूनही वीज वाहते. कोरड्यात, सुंडलवाल्यांच्या आसपास, खरे आवाज आले. मी खणत गेलो : सोड्याची बुचं, पतंगाच्या मांज्याची तार, हेअरपिन, पुन्हा बुचं.

तिथं एक म्हातारबाबा तारेची चाळण घेऊन वाळू चाळत होते. लाटेनं वाळू कापून जिथं पायरी पाडली होती, नेमके तिथं. हलकी वाळू वाहून जाते, जड वस्तू मागं राहते, एवढं त्यांचं शास्त्र. यंत्र न्याहाळत त्यांनी किंमत विचारली. साडूभाऊंनी सांगितली. म्हातारबाबांनी सबंध किनाऱ्यावरून एकदा नजर फिरवली आणि मान हलवली : ‘अव्वळवु किडैक्कादु, सार.’ तेवढं काही मिळायचं नाही.

त्यांच्या पायरीपाशी अखेर यंत्र नीट वाजलं. दहा रुपयांचं नाणं! साडूभाऊंनी लगेच खिशातून १८७८ च्या निखात निधी कायद्याची झेरॉक्स काढली. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडला तर कलेक्टरला कळवायचं. हे बरोबर दहाचं, म्हणजे आम्ही सुटलो. ते झेरॉक्सची घडी घालताहेत तोवर यंत्र पुन्हा वाजलं आणि माझ्या खुरप्यावर एक रुपया आला.

अकरा झाले. साडूभाऊंनी इकडंतिकडं पाहिलं, रुपया परत खड्ड्यात टाकला आणि चपलेनं वाळू सारली.

‘कायदा म्हणजे कायदा,’ ते म्हणाले. ‘शिवाय उद्यापासून एक तरी जागा खात्रीची झाली.’