एक पॉइंट वाढवून द्या

एप्रिल लागला की मारेगावात वायरमन लग्नसराईतल्या भटजीइतका दुर्मिळ होतो. जो तो एकच मागणी घेऊन त्याच्या मागे: "भाऊ, कुलरसाठी एक पॉइंट वाढवून द्या न."

जुनी घरं बांधली तेव्हा एका खोलीला एक बोर्ड पुरायचा. दोन बटणं, पंख्याचा रेग्युलेटर आणि एक सॉकेट. त्यावर कधी रेडिओ, कधी इस्त्री. आता त्याच भिंतीवर टीव्ही, त्याचा डबा, वायफायचा डबा आणि माणशी एक मोबाईल. पाहुणा चहाआधी चार्जरची जागा विचारतो. स्वतःचा फोन अठरा टक्क्यांवर असताना काढून त्याचा लावू देणं, याला मी अतिथीधर्म समजतो.

यावर बाजाराने काढलेला तोडगा म्हणजे मल्टिप्लग. सॉकेटात मल्टिप्लग, त्यात एक्स्टेंशन बोर्ड, त्यात आणखी एक मल्टिप्लग. भोकं वाढत जातात, भिंतीतली तार मात्र तेवढीच राहते. ६ अँपिअरचं सॉकेट २३० व्होल्टला जेमतेम १३८० वॉट सोसतं. हजार वॉटची इस्त्री फिरत असताना त्याच बोर्डावर पाचशे वॉटचा मिक्सर लावला, की हिशेब संपला. लाइट-पंख्याच्या एका सर्किटवर फार तर दहा पॉइंट किंवा ८०० वॉट, आणि पॉवरच्या सर्किटवर दोनच सॉकेट, असा वायरिंगचा जुना दंडक आहे. तो मोडून एमसीबी पडायला लागली, की आमच्यातले काही शहाणे जास्त अँपिअरची एमसीबी बसवून घेतात. एमसीबी तार जळू नये म्हणून असते. मोठी बसवली की ती गप्प राहते आणि भिंतीतली तार तापते.

शेजारी वणीच्या कोळसा खाणी, पलीकडे चंद्रपूरचं २९२० मेगावॉटचं औष्णिक वीज केंद्र. विजेच्या इतक्या सख्ख्या शेजारात राहून आमच्या घरी भांडण कशावरून, तर कुलर काढून इस्त्री कुणी लावली यावरून.

शेवटी एकदाचा वायरमन आला. मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि कुलरचा बोर्ड उघडला. आतून आधी पालीची वाळकी अंडी पडली. मग त्यानं टॉर्च मारून तिसऱ्या, मोठ्या भोकाच्या मागे बोट दाखवलं. तिथल्या स्क्रूला तारच नव्हती.

"काकू, हे अर्थिंग नुसतं दाखवायचं हाये."

आई कुलरकडे बघत राहिली. लोखंडी पत्र्याचा सांगाडा, पोटात पाणी, खाली ओली फरशी, आणि त्यात हात घालून पंप हलवणारे आम्ही. थ्री-पिनची अर्थची पिन लांब ठेवतात ती आधी लागावी आणि शेवटी सुटावी म्हणून. आमच्याकडे त्या भोकाचा उपयोग एवढाच, की त्यात पेन खुपसून झडप उघडायची आणि टू-पिन कोंबायची.

त्यानं जुन्या बोर्डावरून फाटा काढायला साफ नकार दिला. मेन बोर्डापासून पट्टीतून वेगळी लाइन आणली: अडीच एमएमच्या तीन तारा, लाल, काळी, हिरवी. तिला स्वतःची एमसीबी, शेवटी १६ अँपिअरचं सॉकेट. शिवाय ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी. ही मात्र माणसासाठी. करंट गळून जमिनीकडे निघाला की क्षणात लाइन तोडते. तिची किंमत ऐकून बाबांनी "खरंच लागते का?" विचारलं. वायरमननं नुसतं ओल्या फरशीकडे पाहिलं.

मग अंगणात खड्डा झाला. पाइप उभा केला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. वणीच्या इतक्या जवळ राहून आमच्या घरात कोळसा आला तो असा. जाताना त्यानं बजावलं, "उन्हाळ्यात यात रोज बादलीभर पाणी टाकत जा. खड्डा वाळला की अर्थिंग काम नाही करत."

"रोज? मे महिन्यात?" आईनं नळाकडे पाहिलं. मग तिनं क्रम लावून दिला: आधी तुळस, मग मोगरा, मग अर्थिंग. वायरमनचं म्हणणं, मोगऱ्याच्या आधी घ्या. त्यावर घरात अजून एकमत झालेलं नाही.