मुलाची इंग्रजीत वाचा बसवण्याचे पाच नियम

सोलापूरचे मूल या कामाला अवघड. पूर्व भागातल्या विणकरी घरात ते आजीशी तेलुगूत भांडते, गल्लीत ‘काय बे’ म्हणत मराठीत डाव मागते आणि दुकानात हिंदीत सुटे पैसे परत मागते. अक्कलकोटकडे त्यात कन्नडची भर पडते. लिंग-वचनाचा घोळ होतो, पण तोंड बंद पडत नाही. असल्या बोलघेवड्याला इंग्रजीच्या तासाला गप्प करायचे, तर पद्धतशीर मेहनत हवी. राज्याने 2000 साली मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणल्यामुळे या मेहनतीसाठी पाचवीची वाट पाहावी लागत नाही.

नियम पहिला : चूक हवेतच झेलावी. ‘यस्टरडे आय गो गड्डा यात्रा’ असे मूल म्हणाले, की यात्रेत काय पाहिले हे विचारू नये. ‘गो नाही, वेंट!’ असे ओरडून तो शब्द दहा वेळा लिहायला लावावा. होम मैदानावरच्या त्या यात्रेतला आकाशपाळणा आपोआप थांबतो.

नियम दुसरा : उत्तराची वाट पाहू नये. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवून दिले, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम सेकंदभर थांबतात. तीन सेकंद थांबले, तर उत्तरे लांबतात आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागतात. धोका ओळखून ताबडतोब पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाकडे वळावे.

नियम तिसरा : भाषा कानातून ओतावी, तोंडातून बाहेर येऊ देऊ नये. कॅनडात फ्रेंच माध्यमात शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांना वर्षानुवर्षे ऐकून फ्रेंच उत्तम समजे, बोलताना मात्र ती मागे पडत. त्यांना स्वतः बोलायची पुरेशी वेळच येत नाही, असे भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी 1985 साली मांडले. आपल्याकडे हा प्रयोग रोज पस्तीस मिनिटे विनामूल्य चालू ठेवता येतो.

नियम चौथा : चपला आणि घरची भाषा वर्गाबाहेर काढायला लावावी.

इथे जिल्ह्यातूनच एक अडथळा येतो. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तके मुलांच्या मातृभाषेत आणली, त्यांना क्यूआर कोड जोडले. या आगळिकीबद्दल त्यांना 2020 साली दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइज मिळाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. म्हणजे संसर्ग परदेशातही गेला!

नियम पाचवा : पालकांच्या समाधानासाठी स्नेहसंमेलनात मुलाकडून पाठ केलेले इंग्रजी भाषण करवून घ्यावे. ‘थँक यू’ उच्चारताच टाळ्या सुरू कराव्यात, म्हणजे पाहुण्यांना प्रश्न विचारायला फट राहत नाही.