उतरायचं नाही, रिटर्न यायचं

नालासोपारा पश्चिमेच्या एका सोसायटीत राहणाऱ्या काकांना गेली काही वर्षं एकच प्रश्न छळत होता. प्रश्न त्यांचा नव्हता, लोकांचा होता. नासाच्या ‘आर्टेमिस 2’मधून चार माणसं चंद्राकडे निघालीत, असं काकांनी उत्साहाने सांगावं आणि समोरच्याने विचारावं, “उतरणार का?”

“नाही.”

“मग जातायत कशाला?”

वॉचमनपासून सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचं हे विचारून झालं. दूधवाल्याने तर “एवढा खर्च करून नुसतं बघून येणार?” म्हणत पिशव्या अशा नजरेने दिल्या, की जणू बिल काकाच भरणार होते.

शेवटी काकांना उत्तर सापडलं ते फलाटावर. नालासोपाऱ्याचा माणूस सकाळी चर्चगेटला जायचं तर आधी उलट्या दिशेने विरारला जातो. विरारला डबा रिकामा होतो, हा उतरत नाही. खिडकी धरून बसून राहतो. तीच गाडी फिरून चर्चगेटकडे निघते, आणि फलाटावर ताटकळलेला अस्सल विरारकर आत उडी मारतो तेव्हा जागा आधीच भरलेल्या असतात. याला ‘रिटर्न मारणं’ म्हणतात. त्यावरून होणाऱ्या भांडणांचे शब्द छापण्याजोगे नसतात.

आर्टेमिसचा मार्ग नेमका हाच. त्याला शास्त्रज्ञही ‘फ्री रिटर्न’च म्हणतात. यानाला पृथ्वीजवळ असतानाच असा अचूक धक्का द्यायचा, की ते चंद्रामागून जाताना चंद्राचं गुरुत्वाकर्षणच त्याचा मार्ग वळवून पृथ्वीकडे करतं. परतीसाठी मोठं इंजिन पेटवायची गरज नाही. वाटेत काही बिघडलं तरी माणसं घरी येतात. रिटर्नवाला विरारला काय करतो? काहीच नाही. गार्ड आणि मोटरमन काय ते बघून घेतात. हे सांगितल्यापासून सोसायटीत कुणी “जातायत कशाला” म्हणून विचारलं नाही. सेक्रेटरींनी फक्त एवढंच विचारलं, “चंद्रावरचे लोक भांडत नाहीत?”

काकांचं हे वेड जुनं. ‘अपोलो 8’ उडालं तेव्हा ते दहा वर्षांचे होते, वसईतच. फ्रँक बोरमन, जिम लॉव्हेल आणि बिल अँडर्स 21 डिसेंबर 1968ला निघाले आणि चंद्राला दहा प्रदक्षिणा घालून 27 तारखेला पॅसिफिकमध्ये उतरले. मुंबईत दूरदर्शन आलं 1972मध्ये, म्हणजे बघायची सोयच नव्हती. रेडिओ आणि दुसऱ्या दिवशीचा पेपर, बस्स. त्या तिघांनी चंद्राभोवती फिरताना बायबलच्या पहिल्या ओळी वाचल्या तेव्हा अमेरिकेत नाताळची आदली रात्र होती आणि वसईत नाताळच्या सकाळचे आठ. वाड्यावाड्यांतून फुगे तळले जात होते. देवळात देव, घरात फुगे आणि चंद्रावर बायबल, इतकी सोय पुन्हा कधी झाली नाही, असं काकांचे ख्रिस्ती वर्गमित्र अजून म्हणतात.

पण काकांच्या मनात एक सल आहे. चंद्राला वळसा घालून परत आलेले पहिले पृथ्वीवासी बोरमन मंडळी नव्हेतच. ती होती दोन कासवं. सोव्हिएत ‘झोंड 5’मधून ती सप्टेंबर 1968मध्ये गेली आणि हिंदी महासागरात पडली. वजन सुमारे दहा टक्क्यांनी घटलं होतं, भूक मात्र शाबूत. सोव्हिएत जहाजाने ते यान उचलून आणलं कुठे? तर मुंबईत. तिथून विमानाने मॉस्कोला. म्हणजे चंद्राला जाऊन आलेले जगातले पहिले प्रवासी मुंबई बंदरात होते, दहा वर्षांचे काका वसईत चिंचा पाडत होते, आणि कुणी त्यांना सांगितलं नाही! हे त्यांना कळलं निवृत्तीनंतर. तेव्हापासून ते कुठल्याही कासवाकडे जरा हिरमुसल्या नजरेनेच बघतात.

आर्टेमिसने त्यांची परीक्षाच पाहिली. आधी नोव्हेंबर 2024 ठरलं होतं. जानेवारी 2024मध्ये कळलं, सप्टेंबर 2025. डिसेंबर 2024मध्ये कळलं, एप्रिल 2026; कारण मानवरहित ‘आर्टेमिस 1’ परतलं तेव्हा त्याच्या उष्णतारोधक कवचाचे तुकडे निघालेले होते. त्या कवचाच्या आत वायू अडकून दाब वाढला होता, हे शोधायलाच दोन वर्षं गेली. पुढे तारीख अलीकडे ओढून फेब्रुवारी केली, तर सरावात हायड्रोजन गळला. मग हेलियमने दगा दिला आणि रॉकेट परत शेडमध्ये. बिल्डरने दिलेल्या ताब्याच्या तारखा ज्याने पाहिल्यात त्याला यात नवल वाटत नाही. काकांना वाटलं नाही. उलट नासा निदान कारण सांगते, याचंच त्यांना अप्रूप.

अखेर 1 एप्रिल 2026. काकूंना तारीख ऐकूनच विश्वास बसेना. फ्लोरिडात संध्याकाळ, आपल्याकडे 2 एप्रिलची पहाट, चार वाजून पाच मिनिटं. आणि त्या दिवशी हनुमान जयंती. गल्लीतल्या मारुतीच्या देवळात सूर्योदयाच्या जन्मोत्सवाची तयारी चाललेली, काका मोबाइल घेऊन गच्चीवर. पश्चिमेला कळंबच्या समुद्राच्या बाजूला पौर्णिमेचा चंद्र कललेला. रॉकेट उडाल्यावर ते धावत देवळात बातमी द्यायला गेले. एक आजोबा सुंठवडा हातावर ठेवत म्हणाले, “आमचा जन्मल्या दिवशी सूर्याकडे झेपावला. तुमचे चंद्रावर उतरतसुद्धा नाहीत.” काकांनी सुंठवडा खाल्ला. वाद घातला नाही.

पुढचे दहा दिवस घरात दोनच वेळा चालत होत्या, ह्यूस्टनची आणि कुकरची. उडाल्यावर लवकरच यानातलं शौचालय बिघडलं, तेव्हा काकूंनी पहिल्यांदा मोहिमेत लक्ष घातलं. जमिनीवरच्या तज्ज्ञांच्या सूचना ऐकत अंतराळवीर क्रिस्टिना कोकने ते चालू केलं, हे समजल्यावर त्या म्हणाल्या, “आपल्या प्लंबरला हिचा नंबर द्या.”

काकांना जास्त गंमत वाटली ती आसनांची. अपोलोत तिघे बसत. या ओरायन यानात चौघे. रीड वाइजमन, व्हिक्टर ग्लोव्हर, कोक आणि चौथा जेरेमी हॅन्सन, कॅनडाचा, चंद्राकडे गेलेला पहिला बिगर-अमेरिकी. चंद्राभोवती तेव्हा नियोजित असलेल्या स्थानकाला यांत्रिक हात द्यायचं कॅनडाने कबूल केलं, त्या करारात ही जागा मिळाली. तिघांच्या बाकावर चौथी सीट मिळवायला पश्चिम रेल्वेवर नुसतं “जरा सरका” म्हणावं लागतं; कॅनडाला अख्खा हात द्यावा लागला.

याच सुमारास काकांनी एक हिशोब केला. विरार-चर्चगेट 60 किलोमीटर. जाऊन-येऊन रोज 120. वर्षाला ढोबळ तीनशे दिवस, नोकरी 32 वर्षं. झाले साडेअकरा लाख किलोमीटर. चंद्राचं सरासरी अंतर 3,84,400, म्हणजे त्यांच्या दीड फेऱ्या झाल्या. अर्धी फेरी उरते त्या अर्थी ते एकदा जाऊन परत आले आणि दुसऱ्यांदा गेलेले अजून तिथेच आहेत. काकूंना हा हिशोब बिनचूक वाटला.

7 एप्रिलच्या पहाटे, साडेचारच्या सुमारास, यान चंद्राच्या मागे होतं. सुमारे चाळीस मिनिटं संपर्क बंद. ‘अपोलो 13’चा 4,00,171 किलोमीटरचा विक्रम त्यांनी काही तासांपूर्वीच मोडला होता. काका गच्चीवर, पौर्णिमेनंतर झिजत चाललेल्या चंद्राकडे टक लावून. चौघे नेमके त्याच्या पाठीमागे, दिसणार काहीच नाही. तरी हलवेना. काकू शाल घेऊन वर आल्या. “चाळीस मिनिटं फोन लागत नाही,” काका कुजबुजले.

“गाडी भाईंदरच्या खाडीवर थांबली की तुमचाही लागत नसे,” त्या म्हणाल्या, आणि खाली न जाता तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून उभ्या राहिल्या.

11 एप्रिलला पहाटे साडेपाचनंतर कॅप्सूल कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरली. तीन पॅराशूट नीट उघडलेली बघून काकांनी पहिला फोन केला तो आपल्या डब्यातल्या जुन्या मित्राला; तो अजून नोकरीत आहे. पलीकडून टाळ ऐकू येत होते, भजनी मंडळ रंगात होतं.

“आले रे! चंद्राला वळसा घालून आले परत!” काका ओरडले.

“आँ?”

“चौघे! रिटर्न आले!”

पलीकडे गाडीने रूळ बदलल्याचा खडखडाट झाला. मग मित्राने विचारलं, “खिडकी मिळाली का?”